चार की पाच

एम्ब्लाने नव्या सांध्यासाठी हाडाला मापपट्टी लावली, "पाच" म्हणाली, नर्स मारितने रीतीप्रमाणे "पाच" असं मोठ्याने परत म्हटलं, आणि करवतीला वाट देणारा साचा मांडीच्या हाडाच्या टोकावर ठोकून बसवलासुद्धा. आता फक्त करवत चालवायची! गुडघाबदलाचं तिचं हे पहिलंच असं ऑपरेशन, जिथे सगळे निर्णय तिचे होते. तिचा वरिष्ठ टोर्केल समोर उभा होता खरा, पण त्याचा नियम पक्का: विचारल्याशिवाय चकार शब्द नाही.

कापायच्या आधी तिने सवयीने साच्याच्या फटीत पातळ पत्ती सरकवली. करवत हाडाच्या पुढच्या बाजूला कुठे निघेल, ते त्यावरून कळतं. पण हे काय? पत्ती हाडाला टेकतच नव्हती, चांगली वर तरंगत होती. म्हणजे पाच नंबरचा सांधा मोठा पडणार. पुढे धातू जास्त, गुडघ्याची वाटी करकचून दाबली जाणार, मग गुडघा वाकायचा कसा?

पडद्याच्या पलीकडे पेशंट गुनेल जागीच होती, भूल फक्त कमरेखाली. बाई एकटी बेटावर राहते, स्वतः होडी वल्हवत गावात येते. गुडघा वाकला नाही तर होडीत उतरणंच बंद. ठोकाठोक थांबली तशी गुनेलने कानातला रेडिओचा इअरफोन काढला.

"काय गं, ठोकाठोक का थांबली? जेवायला गेलात की काय?"

एम्ब्लाला हसू आलंच नाही. पुन्हा मोजते, एवढंच ती म्हणाली. साचा काढला, आणि चूक दिसली. मापपट्टीचं टोक हाडावर नव्हतंच, झिजलेल्या सांध्याला फुटलेल्या कंगोऱ्यावर टेकलं होतं! कंगोरा छाटला, पुन्हा मापलं. चार.

पण चारचा साचा लावून पत्ती घातली, तर ती हाडालाच अडायला लागली, म्हणजे करवत हाडात घुसणार. आता उलटीच भीती. तिथे खाच पडली तर एखाद्या दिवशी होडीत पाय टाकताना मांडीचं हाडच मोडायचं. मान खाली घालून विचारायचं, की गप्प कापायचं?

"टोर्केल, साचा किंचित पुढे घेऊ?"

"वाकवल्यावर गुडघा थोडा सैल होईल. चालेल. घे."

करवत चालली. तेवढा वेळ तिने श्वासच घेतला नाही. मग हाडावरून बोट फिरवलं. सपाट. विश्वास बसेना, पुन्हा फिरवलं. चाचणीचा सांधा बसवून पाय वाकवला, टाच मांडीकडे सरळ गेली, पाय डुगडुगला नाही. तरी तिने पाय आणखी एकदा वाकवून पाहिला. खऱ्या सांध्याचं पाकीट एकदा फोडलं की माघार नाही.

"चार?" मारितने विचारलं.

"चार."

पाकीट फुटलं.

"जमलं का?" पडद्यापलीकडून गुनेल म्हणाली.

"हो."

एम्ब्लाचा आवाज इतका बारीक निघाला की गुनेलने पुन्हा विचारलं.