आधी धुवा, मग विचारा

मित्रांनो, पेन्सिलीएवढ्या काचेच्या दांडीच्या टोकाला रुतवलेली दोन इंचांची प्लॅटिनमची तार म्हणजे मी. आता मी जुनी झाले आहे. टोकाला वळवलेली माझी छोटीशी कडीही उलगडत चालली आहे. रसायनशाळेतल्या तिसऱ्या खणात, गंजक्या चिमट्यांच्या शेजारी मी पडून असते. मी स्वतः गंजत नाही. हे मिरवण्यासाठी सांगत नाही, पण शेजाऱ्यांवरून कोणी माझी पारख करू नये.

ज्या कारागिराने मला घडवले, त्याने काचेची दांडी लालबुंद होईपर्यंत तापवली आणि तिच्या मऊ टोकात मला खुपसले. काच आणि प्लॅटिनम तापल्यावर जवळजवळ सारखेच फुगतात आणि निवल्यावर सारखेच आकसतात, म्हणून दोघांचा संसार टिकतो, असे तो शेजारच्या माणसाला सांगत होता. त्याचे म्हणणे खरे ठरले. इतकी वर्षे झाली, पण आमच्यात एक तडा गेलेला नाही.

मला जिथे आणले, तिथे दर सुट्टीच्या दिवशी नोकरदार माणसांचा वर्ग भरत असे. दिवसभर राबणारी मोठी माणसे तिथे क्षार ओळखायला शिकत. त्यांच्या हातात एक पांढरी पुडी पडायची. पुडीतल्या क्षारात दोन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण असतात, एक धन आणि एक ऋण. दोघांचीही नावे शोधून काढायची, पण पुडी काही आपण होऊन बोलत नाही. तिच्यावर आम्ल घालायचे, ती फसफसते का ते पाहायचे, वायू निघाला तर तो चुन्याच्या निवळीत सोडायचा. एक एक करत खोटी नावे गळत जातात आणि खरे तेवढे उरते.

यात माझे काम ज्योतीचे. मला आम्लात बुडवून त्या भुकटीला टेकवायचे आणि बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरायचे. सोडियम असेल तर ज्योत सोनेरी पिवळी होते, पोटॅशियम असेल तर फिकट जांभळी, कॅल्शियमची विटकरी आणि बेरियमची पोपटी. मी ज्योतीत शिरले की सगळ्यांच्या माना एकदम पुढे यायच्या. खोटे कशाला बोलू, तेव्हा मला फार बरे वाटायचे.

माझी देखभाल मामा करीत. ते प्रयोगशाळेचे परिचर होते. क्षारांचे कपाट त्यांच्या ताब्यात, त्याची किल्ली त्यांच्या कमरेला असे आणि परीक्षेच्या पुड्याही तेच भरत. तीस वर्षांत त्यांची एकही पुडी चुकली नव्हती. आम्लाच्या वाफांनी बरण्यांवरची लेबले कधीच फिकट झाली होती, पण मामांचे त्यावाचून अडत नसे. "डोळे मिटून सांगतो, कुठली बरणी कुठं आहे," असे ते म्हणत आणि खरोखरच सांगत.

त्याच वर्गात एक बाई येत. वर्गातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठ्या, म्हणून सगळे त्यांना ताई म्हणत. मामा मात्र त्यांना 'पोरी' अशीच हाक मारत. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात अकरा वर्षे ताई नमुन्यांच्या बाटल्या धूत होत्या. बाटली त्यांनी धुवायची, पण आत काय आहे ते दुसऱ्याने सांगायचे. एकदा एका नमुन्याला वास येतो म्हणून त्यांनी साहेबांना सांगितले, तर साहेब हसून म्हणाले, "ताई, तुम्ही बाटल्या बघा." त्या दिवशी ताईंनी या वर्गात नाव घातले. परीक्षा पास झाल्या की त्यांना तपासनीस म्हणून नेमणार होते. संधी मात्र दोनच होत्या.

त्यातली पहिली संधी माझ्यामुळे गेली. माझी किंमत जास्त, म्हणून अख्ख्या वर्गात मी एकटीच. ताईंच्या आधी ज्याने मला वापरले, त्याने न धुताच मला पुढे केले. माझ्या अंगाला सोडियमचा कण चिकटलेला होता. ताईंच्या पुडीत होते पोटॅशियम. वेळ संपत आला होता. त्यांनी मला तसेच ज्योतीत धरले. सोडियमचा पिवळा रंग मोठा दांडगा असतो. त्याच्यापुढे पोटॅशियमच्या नाजूक जांभळ्याचे काय चालणार? ज्योत पिवळीधमक झाली. ताईंनी 'सोडियम' लिहिले आणि त्या नापास झाल्या.

मी जळत होते आणि मला सगळे कळत होते. पण मला सांगता येत नाही, मित्रांनो. माझ्या अंगावर जे असेल तेच मी ज्योतीत दाखवते, मग ते कालचे असो की आजचे. त्या संध्याकाळी बाकावर डोके टेकून रडणाऱ्या ताईंना मी पाहिले आणि मला माझ्या न गंजण्याची लाज वाटली.

मामांनी त्यांना उठवले आणि माझ्याकडे बोट दाखवले. "पोरी, ही बिचारी खोटं बोलत नाही. पण हिच्या अंगावर दुसऱ्याचं काही राहिलं असेल, तर हिनं काय करावं? तीव्र आम्लात बुडवायची, तापवायची, पुन्हा बुडवायची. ज्योत कोरी दिसेपर्यंत. आधी धुवायचं, मग विचारायचं."

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. ताई त्यानंतर वर्षभर मला इतक्या धूत की मामा चेष्टेने म्हणत, "अगं, झिजवशील तिला!"

दुसऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला. अठरा माणसे आणि अठरा पुड्या. ताईंची पुडी नववी. त्यांनी तिच्यावर आम्ल घातले, पुडी फसफसली, वायूने चुन्याची निवळी दुधाळ झाली. म्हणजे ऋण आयन कार्बोनेट. मग माझी पाळी आली. ताईंनी मला सात वेळा धुतले. सातव्या वेळी ज्योतीला माझा पत्ताही लागला नाही, इतकी ती कोरी राहिली. मग त्यांनी मला भुकटीला टेकवून आत धरले आणि ज्योत पोपटी झाली. बेरियम. पुढच्या चाचणीत क्रोमेटचे पिवळे द्रावण घातल्यावर परीक्षानळीच्या तळाशी पिवळा साकाही बसला. ताईंनी उत्तर लिहिले.

बाहेरून आलेले परीक्षक फिरत फिरत त्यांच्यापाशी थांबले. हातातली यादी पाहून म्हणाले, "नऊ नंबर. कॅल्शियम कार्बोनेट. तुम्ही बेरियम लिहिलंय."

"ज्योत पोपटी आली, सर."

"तार नीट धुतली नसेल. तांब्याचा कण राहिला असला तरी हिरवं दिसतं. मागच्या वेळीही तुमचं हेच झालं होतं ना?"

"सात वेळा धुतली, सर. आणि हा पिवळा साका बघा. कॅल्शियमचा असा बसत नाही."

"क्रोमेट पिवळंच असतं, बाई," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी लाल पेनाचे टोपण काढले.

ताईंनी दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली. "सर, मी खोडणार नाही," त्या म्हणाल्या. "जे दिसलं तेच लिहिलंय. नापास करायचं तर करा."

दाराशी मामा उभे होते. त्यांचा चेहरा पडला होता आणि का पडला ते मला कळत होते. चारच दिवसांपूर्वी कपाटाला रंग दिला होता. बरण्या बाहेर काढल्या आणि रंगाऱ्याने त्या परत लावल्या होत्या. मामांनी परीक्षेच्या सकाळी नेहमीप्रमाणे पुड्या भरल्या होत्या, लेबल वाचून नव्हे, जागेवरून. महिन्याभराने ते निवृत्त होणार होते. तीस वर्षांचे निष्कलंक नाव होते, निरोप समारंभाची तयारी चालली होती. गप्प राहिले असते तर कोणालाही काही कळले नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची. गेले असते ते एका बाटल्या धुणाऱ्या बाईचे.

मामा कपाटाकडे गेले. दोन बरण्या उचलून आणल्या आणि परीक्षकांपुढे ठेवल्या. खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, फिकट लेबले एक एक अक्षर लावत वाचली. मग म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. पुडी बेरियमचीच गेली. तिची ज्योत खरी आहे."

परीक्षकांनी मला स्वतः उचलले. आम्लात बुडवले, तापवले, पुन्हा बुडवले. मग नवव्या पुडीला टेकवले. मित्रांनो, मी आयुष्यात हजारदा जळले असेन, पण त्या क्षणाइतकी जीव ओतून कधी जळले नाही. ज्योत पोपटी झाली. परीक्षकांनी लाल पेनाचे टोपण बंद केले आणि ताईंना म्हणाले, "बाई, मी यादी वाचत होतो. तुम्ही क्षार वाचलात."

ताई पास झाल्या. परीक्षकांनी आपल्या अहवालात मामांची चूक लिहिली, कारण ती लिहायलाच हवी होती. क्षारांच्या कपाटाची किल्ली शेवटचा महिना दुसऱ्याकडे गेली. मामा त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. रिकाम्या कमरेला मात्र त्यांचा हात सवयीने जायचा आणि परत यायचा. ते बघवत नसे.

मामांच्या शेवटच्या दिवशी ताई आल्या. आता त्या केंद्रात तपासनीस होत्या. त्यांनी वाकून मामांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मामा, काल पहिला नमुना मी तपासला. खाली सही माझी."

"आधी धुतलंस?"

"धुतलं."

"आणि बाटलीवरची चिठ्ठी? जागेवरून नाही ना ओळखलीस?"

"वाचली, मामा. दोनदा."

मामांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते. जाण्यापूर्वी त्यांनी मला शेवटचे धुतले, ज्योतीत धरून कोरी ज्योत ताईंना दाखवली आणि माझ्या जागी ठेवून ते निघून गेले.

त्यानंतर माझे दिवस फिरले. नवी उपकरणे आली, आकडे दाखवणारी. मला क्वचित कोणी हाती घेई. शेवटी ज्याने घेतले, त्याने तांब्याच्या क्षारात बुडवून मला तसेच खणात टाकले. तो कण अजून माझ्या टोकाला चिकटून आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी हा खण उघडेल, घाईत मला ज्योतीत धरेल, आणि मी हिरवी जळेन. तुमच्या पुडीत जे नसेल, तेच मी सांगेन. मला थांबता येणार नाही.

म्हणून, मित्रांनो, एवढेच मागते. मला सोन्याच्या डबीत ठेवू नका, माझे कौतुकही करू नका. फक्त विचारण्याआधी मला धुवा. बाकावर डोके टेकून रडणारे माणूस मी एकदा पाहिले आहे. पुन्हा पाहायचे नाही.