तिसाव्या अंशाला उघडणारा वॉल

मी एक जुना पितळी वॉल आहे, मित्रांनो. तुमच्या मुठीत मावेन एवढाच. पाण्याच्या नळीवर बसून पाणी सोडायचं किंवा अडवायचं, हे सगळ्याच वॉलचं काम. पण बाकीच्यांना कोणीतरी हातानं फिरवावं लागतं. मला कोणी फिरवत नाही. भोवतीची हवा तापली की मी आपणहून उघडतो आणि हवा निवली की आपणहून मिटतो. मला वीज लागत नाही की बॅटरी लागत नाही. हे कसं जमतं ते सांगतोच, पण आधी जिनं मला घडवलं तिची ओळख करून देतो.

तिचं नाव सुकेशनी. ती सेलूची. तिचे वडील नागनाथ कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. बिघडलेल्या यंत्राला कान लावून ते दुखणं ओळखायचे. सुकेशनी मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि पुण्याकडच्या एका कारखान्यात नोकरीला लागली. गाडीचं इंजिन तापलं की थंड पाण्याची वाट मोकळी करून देणारा एक छोटासा भाग तिथं तयार व्हायचा. त्या भागानं तिला झपाटलं. उन्हालाच कामाला लावलं तर काय काय करता येईल, हाच विचार तिच्या डोक्यात घोळू लागला. आणि आपल्या परभणी जिल्ह्यात उन्हाला काय तोटा! सहा वर्षांनी ती नोकरी सोडून घरी आली आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत तिनं धातू कातायचा एक जुना लेथ मांडला.

माझ्या आधी तिथं माझा थोरला भाऊ जन्मला. तो स्विच होता. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून तिनं तो बनवला होता. तापल्यावर एक पट्टी जास्त लांबायची, त्यामुळे जोडी वाकायची, वाकली की तार तारेला टेकायची आणि पंखा सुरू व्हायचा. भाऊ मोठा हुशार. पण त्याचं एक दुखणं होतं. भर उन्हाळ्यात नेमकी दुपारी लाइट जायची. मग बिचारा पट्ट्या वाकवून नुसता बसून राहायचा.

तेव्हा सुकेशनीनं ठरवलं, विजेवाचून चालेल असं काहीतरी करायचं. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं आणि उन्हात ठेवलं की वितळतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. वितळताना ते थोडं फुगतंही. मेणाचंही तसंच. तिनं मेण आणि खोबरेल कमीजास्त करून कितीतरी मिश्रणं केली. सदतिसावं मिश्रण बरोबर तिसाव्या अंशाच्या आसपास वितळून फुगू लागलं. ते तिनं तांब्याच्या एका छोट्या नळकांड्यात भरलं. ते झालं माझं पोट. पोटाच्या तोंडाशी रबर, रबरापुढे दांडी, दांडीपुढे पाण्याची वाट. मेण फुगलं की दांडी पुढे सरकते आणि वाट उघडते. मेण थिजलं की स्प्रिंग दांडीला मागे ढकलते. बस, एवढंच माझं अंतरंग. मी पहिल्यांदा उघडलो तेव्हा सुकेशनीनं वडिलांना हाक मारली. त्यांनी टपटपणाऱ्या पाण्याखाली ओंजळ धरली आणि ते पाणी स्वतःच्या डोळ्यांना लावलं.

माझी पहिली नेमणूक पोखर्णीजवळ, दत्तराव आणि बायनाबाई यांच्या शेडमध्ये झाली. हे नवराबायको रेशीमकिडे पाळायचे. रॅकवर तुतीचा पाला पसरलेला आणि त्यावर हजारो पांढऱ्या अळ्या. सगळ्या एकदम पाला खाऊ लागल्या की वाळलेला कडबा कोणी ओढतंय असा आवाज व्हायचा. अळ्यांचा जीव फार नाजूक. हवा तिशीच्या पुढे गेली की त्या खाणं सोडतात, आणखी तापली की मान टाकतात. म्हणून शेडच्या खिडक्यांना गोणपाटाचे पडदे होते. बायनाबाई उन्हाळाभर दर तासाला त्यांवर तांब्यानं पाणी मारायच्या. ओल्या गोणपाटातून वारा आत यायचा, तेवढाच अळ्यांना गारवा. त्यामुळे चार उन्हाळे बायनाबाई घर सोडून कुठंच गेल्या नव्हत्या. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही दत्तराव एकटेच गेले होते.

सुकेशनीनं शेडच्या टाकीपासून नळी आणली, पडद्यांवर भोकांचा पाइप बसवला आणि मधोमध मला जोडलं. बायनाबाईंना आता निवांत बसायला सांगितलं. आणि मित्रांनो, त्या मार्चच्या दुपारी मी उघडलोच नाही.

पोटातलं मेण वितळलं होतं, पण दांडी हलेना. पोटात कुठंतरी गळत होतं. बायनाबाई मळ्यातून आल्या तेव्हा एका रॅकवरच्या निम्म्या अळ्या माना टाकून पडल्या होत्या. कळताच सुकेशनी धावत आली. मेलेल्या अळ्या तिनं स्वतः वेचल्या, बांधाला खड्डा खणून चुना टाकून पुरल्या. बायनाबाई रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तुमचं यंत्र चांगलं असंल. पर माज्या अळ्यायला तोंड न्हाई. त्यायला गरम व्हायलंय, हे मला कोण सांगावं?"

मला खिशात घालून सुकेशनी सेलूला परतली. तिनं मला खिळेमोळे ठेवायच्या डब्यात टाकलं आणि लेथवर कापड पांघरलं. तीन आठवडे मी त्या अंधारात पडून होतो. नटबोल्टांच्या गर्दीत आपलं काही काम उरलं नाही, हे दुःख फार वाईट असतं. मग एका सकाळी नागनाथांनी डबा उघडला, मला बाहेर काढलं आणि लेकीच्या हातावर ठेवलं.

"यंत्रावर रुसून काय हुतंय? उघडून बघ, कुठं दुखायलंय त्याला."

तिनं मला उघडलं. दुखणं लगेच सापडलं. खोबरेल पिऊन पिऊन रबर फुगलं होतं, सैल पडलं होतं आणि मेण त्याच्या कडेनं निसटत होतं. सुकेशनी स्वतःवरच हसली. तेलात टिकणारं रबर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं, हे तिला ठाऊक होतं. तेवढंच तिला सुचलं नव्हतं.

पण रबर बदलणं सोपं, विश्वास मिळवणं अवघड. सुकेशनी मला घेऊन पुन्हा पोखर्णीला गेली खरी, पण मला पिशवीतच ठेवलं. मला तुमचं काम आधी शिकू द्या, असं तिनं बायनाबाईंना सांगितलं. पंधरा दिवस ती रोज पहिल्या गाडीनं यायची. पाला तोडायची, पसरायची, दर तासाला गोणपाटावर पाणी मारायची आणि थर्मामीटरचा आकडा वहीत लिहायची. बायनाबाई तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघायच्या. हळूहळू 'मॅडम'ची 'पोरी' झाली आणि डब्यातली भाकरी दोघींत वाटली जाऊ लागली. सोळाव्या दिवशी बायनाबाईंनीच विचारलं, ते तुझं पितळी यंत्र पिशवीतच ठेवायचंय का?

मला पुन्हा जोडलं गेलं. या वेळी मी उघडलो. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी. दुपारी बाराच्या सुमाराला माझ्या पोटात मऊ मऊ व्हायचं, दांडी सरकायची आणि पडद्यांवर पाणी झिरपायचं. बायनाबाई सुरुवातीला माझ्यासमोर पोतं टाकून बसायच्या. मग दारात बसू लागल्या. मग घरी जाऊन पाठ टेकू लागल्या. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस.

मे महिन्यात सोनपेठहून निरोप आला. बायनाबाईंची लेक मंजुषा तिथं सासरी होती. तिला मुलगी झाली होती आणि बारसं ठरलं होतं. बायनाबाईंना पहिलीच नात. पण अळ्यांनी नुकतीच चौथी कात टाकली होती. खाण्याचा जोर आणि जिवाचा धोका, दोन्ही याच आठवड्यात. त्यातून आठ दिवस आभाळ भरून होतं, आणि नेमकं बारशाच्या आदल्या दिवशी मोकळं होऊन ऊन कडाडलं होतं. मी राहतो, तू जा, असं दत्तराव म्हणू लागले. सुकेशनी म्हणाली, तुम्ही दोघं जा, मी शेडमध्ये बसते. बायनाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"तू बसलीस तर मग ह्याचा उपेग काय? चल, तू बी बारशाला चल."

सकाळी भरपूर पाला घालून, टाकी काठोकाठ भरून तिघं एसटीनं सोनपेठला गेली. शेडमध्ये मी आणि त्या हजारो मुक्या अळ्या. साडेअकराला लाइट गेली. बारा वाजता माझं मेण वितळलं. मी दांडीला जोर दिला.

दांडी हलेना.

मित्रांनो, मी खरंच घाबरलो. आभाळ होतं तेव्हा आठ दिवस मी एकदाही उघडलो नव्हतो. बोअरचं पाणी खारं, त्याचा पांढरा थर माझ्या दांडीभोवती सिमेंटसारखा बसला होता. हवा एकतीस झाली, बत्तीस झाली. कडब्यासारखा तो आवाज कमी कमी होत गेला. अळ्यांनी खाणं सोडलं होतं. मला कोणाला हाक मारता येत नव्हती. मला येतं ते एकच, फुगणं. मी फुगत राहिलो. हवा जितकी तापत होती तितका माझ्या पोटातला जोर वाढत होता. तेहतिसाव्या अंशाला आत बारीक कट्ट असा आवाज झाला, थर तडकला, दांडी सरकली आणि पाणी सुटलं. माझ्या अंगावरून इतकं गोड पाणी कधी गेलं नव्हतं, ते खारं असलं तरी!

गोणपाट भिजलं, वारा गार झाला. अडीच वाजेपर्यंत हवा उतरली आणि एका कोपऱ्यातून पुन्हा पाला खाण्याचा आवाज आला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. मग सगळीकडून.

पाच वाजता तिघं परतली. बायनाबाई चपलाही न काढता दारापर्यंत धावत आल्या. पाल्याच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या, अळ्या डोकी वर करून आणखी मागत होत्या. बायनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि हसत हसत पाला घालायला घेतला. नातीच्या कानात आधी कोणी नाव सांगितलं, पाळणा कोणी म्हटला, सगळं त्या अळ्यांनाच सांगत होत्या.

सुकेशनी मात्र भिंतीवरच्या थर्मामीटरपाशी थांबली होती. दिवसभरात हवा कुठवर चढली, ते त्या थर्मामीटरवर कळतं. आकडा तेहतीस होता. ती गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. पण तिनं बायनाबाईंना हाताला धरून तिथं आणलं आणि आकडा दाखवला. आपला वॉल आज तीन अंश उशिरा उघडला, असं स्पष्ट सांगितलं. मग पाना लावून मला तिथंच उघडलं. पांढरा थर बघून बायनाबाई म्हणाल्या की माझ्या घागरीला पण हेच होतं. त्या घरातून चिंचेचा कोळ घेऊन आल्या. तांब्यापितळेची भांडी घासतात तसं त्यांनी मला घासलं. काही वेळानं मी नव्यासारखा झळकू लागलो आणि दांडी बोटानं सरकू लागली.

"दर शनिवारी मी हे करीन," बायनाबाई म्हणाल्या, "पर हे उघडायला पाना कशाला पायजे? आमच्या घरात पाना न्हाई. बाईच्या हातानं उघडंल असं झाकण कर ना."

सुकेशनीनं वही काढली आणि तिथंच झाकणाचं चित्र काढायला घेतलं.

पुढच्या महिन्यात तिच्या लेथवर माझी धाकटी भावंडं तयार झाली. त्यांच्या झाकणाला दोन पितळी कान होते. अंगठ्यानं आणि बोटानं फिरवलं की उघडावं असे. आता अशी शंभरावर भावंडं जिल्ह्यातल्या शेडमधून कामाला लागली आहेत. सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाला आग लागली तर पाणी सोडणारा एक आहे, तो सत्तर अंशांना उघडतो. तो आमच्या घरातला शूर. आणि बायनाबाई? चार उन्हाळे घराबाहेर न पडलेल्या त्या बाई आता एसटीनं गावोगावी जातात. बायकांना समोर बसवून वॉल उघडायला, घासायला आणि परत बसवायला शिकवतात.

मी त्यांच्याच शेडमध्ये आहे. मला कान नाहीत, मला अजून पाना लागतो. तो पाना सुकेशनीनं खिडकीत दोरीनं टांगून ठेवलाय.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणीतरी मुकाट्यानं काम करत असेल. पाण्याची मोटर असेल, सायकलची साखळी असेल. ते बोलणार नाही. बिघडल्यावर त्याच्यावर चिडण्याआधी, आठवड्यातून एकदा त्याला हात लावून बघा. धूळ पुसा, गंज दिसला तर तेलाचा थेंब द्या. आम्हाला एवढंच पुरतं.

परवा सुकेशनी काही कागद घेऊन आली. नव्या वॉलच्या पेटंटचा अर्ज होता. शोध लावणाऱ्यांची नावं लिहायच्या जागी दोन नावं होती. दुसऱ्या नावापुढे बोट ठेवून तिनं बायनाबाईंना सही करायला सांगितलं. बायनाबाईंना वाटलं, साक्षीदार म्हणून असेल. माझी सही कशाला, असं त्या म्हणाल्या.

"झाकण तुमचं हाय, मावशी."

बायनाबाईंनी हात पदराला पुसले. मग रॅकच्या फळीवर कागद ठेवून, एकेक अक्षर जोडत, त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. वरच्या फळीवर अळ्या पाला खात होत्या. दुपारचे बारा वाजत आले होते आणि माझ्या पोटात मऊ मऊ होऊ लागलं होतं.