कडी काढलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, आणि माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. बडोद्यात समा भागातल्या एका सोसायटीत देवश्रीच्या खोलीला मी बसवलेला आहे. सुताराने मला रंधा मारून उभे केले तेव्हा तिचे बाबा, विश्वंभरराव, कौतुकाने म्हणाले होते, "अस्सल सागवान!" पुढे बिजागरीला थेंबभर तेल मिळाले नाही, ते सोडा.

देवश्री सोळा वर्षांची झाली आणि आम्हा दोघांचे हाल सुरू झाले. एरवी ही पोर गुणगुणत माझ्यावर चित्रे चिकटवायची. पाळी जवळ आली की मात्र रडायची, चिडायची, मला धाडकन आपटायची. पाळी सुरू झाली की पुन्हा पहिल्यासारखी. घरातल्या शहाण्यांना त्यात फक्त माज दिसला.

मग गौरी आल्या. पाळी नेमकी सणात येणार म्हणून विश्वंभररावांनी स्वतः दुकानातून ती पुढे ढकलायची गोळी आणली. डॉक्टरांना विचारलेसुद्धा नाही. बाहेर गौरी जेवल्या आणि आत देवश्री मला टेकून हुंदके देत होती, "मला जगायचंच नाहीये."

"बस थयुं, पुरे झालं हे नाटक!" विश्वंभरराव गरजले आणि त्यांनी माझी आतली कडी उखडली. नंदेसरीच्या कारखान्यात यंत्रे दुरुस्त करणारा माणूस, पण घरात त्यांना मोडणेच सुचले.

आई निरुपमाताई तिला सयाजीगंजात डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी दोन महिने रोजची मनःस्थिती लिहून ठेवायला लावली, तोवर तिला एकटी सोडू नका म्हणाल्या, आणि मग निदान केले: हा पाळीपूर्वीचा मनाचा आजार आहे, औषधाने आणि समुपदेशनाने आटोक्यात येतो.

"मनाच्या गोळ्या? पोरीला वेडी ठरवता?" विश्वंभरराव माझ्यासमोरच ओरडले.

"गौरींसाठी गोळी आणताना तुम्ही काही विचारलं नाहीत," निरुपमाताई म्हणाल्या. "सणासाठी चालते, पोरीसाठी नाही चालत?"

विश्वंभरराव पाय आपटत निघून गेले.

गोळ्या सुरू झाल्या. देवश्री अजूनही कधीकधी मला आपटते, पण मरणाचे बोलत नाही. परवा तिच्या त्या वाईट दिवसांत विश्वंभरराव आले, कडी उखडताना पडलेल्या आरपार भोकांपाशी थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला बोटाने वाजवले.

"देवू, आत येऊ?"

"नको. पण जाऊ नका."

ते बाहेरच जमिनीवर बसले.

मित्रांनो, मला रंगरंगोटी नको. आतून रडणे ऐकू आले तर नाटक म्हणण्याआधी दार वाजवून विचारा. त्या माणसाला मी माफ केलेले नाही. पण ते मला पाठ टेकून बसले तेव्हा मी करकरलो नाही, एवढेच.