सहा तुमचे, तीन माझे

वर्तकनगरचे विश्रामराव वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. गोड बोलणारा माणूस तराजूखाली चुंबक लावून बसलेला असतो, हा त्यांचा अनुभव. आणि लेकीनं, उर्वीनं, पसंत केलेला डोंबिवलीचा अनिमेष तर बासुंदीसारखा गोड! रविवारी तो लग्नाला होकार मागायला आला, तेव्हा विश्रामराव त्याला न्याहाळतच बसले.

अनिमेष कॉलेजात गणित शिकवायचा. म्हणाला, "काका, एक डाव खेळू. कुठलेही दोन आकडे घ्या, त्यांची बेरीज करा. मग दरवेळी शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज, असं वीसदा. बेरजेचा पहिला अंक चार ते नऊ आला की गुण तुमचा. एक, दोन, तीन माझे. मी जिंकलो तर होकार."

सहा आपले, तीन याचे? इतकं उदार कोण असतं? पण फुकटचं माप सोडवतंय कुणाला! विश्रामरावांनी कॅल्क्युलेटर स्वतःचाच घेतला. चार आणि सात. मग अकरा, अठरा, एकोणतीस, सत्तेचाळीस... हरले. कागदावर पडताळलं, मग मुद्दाम आपल्याच अंकांपासून, आठ आणि नऊपासून, सुरुवात केली. पुन्हा हरले.

"लबाडी आहे ही!"

"नाही हो काका. शंभराचे दोनशे व्हायला आकडा दुप्पट व्हावा लागतो, म्हणून पहिला अंक एकवर रेंगाळतो. आठशेचे नऊशे काय, चुटकीसरशी होतात."

"म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं."

"हो ना!" अनिमेष मनमोकळं हसला.

शब्द दिला होता, पाळणं भाग होतं. विश्रामराव होकार देणार, तोच शेजारी बसून डाव पाहणारी उर्वी बोलली.

"अनिमेष, परवा तू म्हणालेलास, लग्नानंतर सगळं मी ठरवायचं. पडदे, सोफा, जेवायला काय, फिरायला कुठे. तू ठरवणार फक्त दोन गोष्टी. राहायचं कुठे, आणि मी नोकरी करायची की नाही."

"अगं, ते वेगळं..."

"आणि मी सगळ्यांना सांगत सुटलेले, किती मोठ्या मनाचा आहे म्हणून."

विश्रामरावांनी लेकीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच, आपला संशय खरा निघाल्याचं त्यांना वाईट वाटलं.