डोक्यावरचा हात

मी बोलतोय. आयुष्यभर मी दुसऱ्याचंच बोलत आलो. तार वाजली की मी बोलायचो, तार गप्प झाली की मीही गप्प. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतोय, आणि तेही आवाज गेल्यावर. हसू आलं तर हसा, मला राग नाही.

मी बेस गिटारचा अँप्लिफायर. बेस गिटार म्हणजे ती चार जाड तारांची, गाण्याच्या बुडाशी घुमणारी. गाणं ऐकताना तिच्याकडे कुणी बघत नाही, पण ती थांबली की सगळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं होतं. तिचा आवाज हॉलभर पोचवायचा, हे माझं काम. मी कमरेएवढा उंच, काळाकुट्ट, आणि दोन माणसांनी मिळून जोर लावल्याशिवाय जागचा न हलणारा. बँडमधली मंडळी मला रेडा म्हणतात. "रेडा गाडीत चढला का?" असं ड्रमवाला ओरडला की समजायचं, आज कार्यक्रम आहे.

मला दादानं बनवलं. दादा रेडिओ दुरुस्त करायचा. आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला त्यानंच वाढवलं. हा धाकटा म्हणजे बाळ्या. आता पन्नाशीला आला, डोक्यावर चांदी चमकते, छापखान्यात चार माणसं त्याच्या हाताखाली आहेत, पण घरात अजून बाळ्याच. त्याला बेसचं वेड लागलं तेव्हा हातात जुनी गिटार होती आणि अँप घ्यायची ऐपत नव्हती. दादानं मोडक्या कपाटाची दारं कापली, बंद पडलेल्या सिनेमागृहातून ट्रान्सफॉर्मर पैदा केला, परातीएवढा स्पीकर कुठून तरी मिळवला आणि महिनाभर खपून मला उभा केला. कापताना डाव्या बाजूला फळी बोटभर कमी पडली. तिथं त्यानं पट्टी मारली, ती अजून आहे. "मापात चुकलं, पण आवाजात चुकणार नाही," असं तो त्या दिवशी म्हणाला होता.

बाळ्यानं पहिल्यांदा तार छेडली तेव्हा दादानं कान लावला नाही. त्यानं तळहात माझ्या डोक्यावर ठेवला. एखादा स्क्रू सैल असेल तर कानाच्या आधी हाताला कळतं, ही त्याची कारागिराची सवय. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला आणि मग मान हलवून म्हणाला, "चालेल."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. कार्यक्रम छोटा असो की मोठा, दादा रंगमंचाच्या कडेला माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचा. पडदा वर जायच्या आधी बाळ्या सगळ्यात जाड तार एकदा छेडायचा. दादाचा तळहात माझ्या डोक्यावर, डोळे मिटलेले. त्याची मान हलली की मगच ड्रमवाला काठ्या वाजवून सुरुवात करायचा. गायिकाबाई तर म्हणायच्या, "दादांची मान हलल्याशिवाय माझ्या घशातून सा निघत नाही."

हे दोघे भाऊ गळ्यात पडणाऱ्यातले नाहीत. सख्खे असून एकमेकांचा हात धरलेला मी कधी पाहिला नाही. दादाला आनंद झाला तरी तो मान हलवतो, राग आला तरी मानच हलवतो. बाळ्याला जे दादाला सांगायचं असेल ते तो वाजवायचा, आणि दादाला ते माझ्या डोक्यावरून मिळायचं. मध्यस्थाचं काम मी इमानानं केलं. त्या कामाचा मला अभिमान होता, आजही आहे.

मग दादाचे कान गेले. एका दिवसात नाही, हळूहळू. आधी गिऱ्हाइकांना ओरडून बोलावं लागायचं, मग दादा दुरुस्त झालेला रेडिओही बिघडलेला समजून पुन्हा उघडायला लागला. शेवटी त्यानं दुकानाला कुलूप लावलं. आता त्याच्या खिशात एक छोटी वही आणि पेन्सिलीचा तुकडा असतो. त्याला काही सांगायचं तर वहीत लिहायचं.

पण हात होता ना! गेल्या वर्षीच्या एका कार्यक्रमानंतर तो बाळ्याला म्हणाला, "तिसऱ्या गाण्यात घाई केलीस." खरंच केली होती. ठार बहिऱ्या माणसानं चूक पकडली म्हणून ड्रमवाला पोट धरून हसला. बाळ्या मात्र वायर गुंडाळायच्या निमित्तानं माझ्यामागे वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. त्याचे डोळे भरले होते. दादा अजून आपलं ऐकतो, एवढंच त्याला पुरेसं होतं.

आता त्या बुधवारचं सांगतो.

शनिवारी बँडला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. मोठं सभागृह, सगळी तिकिटं संपलेली. दादाला त्या दिवशीची गाणी आधीच हाताला ओळखीची करून घ्यायची होती. दुपारी घरात तो एकटाच. त्यानं सरावाची कॅसेट लावली, टेपची वायर मला जोडली, खुर्ची ओढली आणि तळहात ठेवला.

मी वाजू लागलो. पण वयाबरोबर त्याच्या हाताची कातडीही जाड होत चालली होती, त्याला थरथर नीट लागेना. त्यानं बटण थोडं फिरवलं. मग आणखी थोडं. मग शेवटपर्यंत.

मी ओरडत होतो हो. घसा फाटेपर्यंत ओरडत होतो. कान असलेल्या कुणीही धावत येऊन बटण बंद केलं असतं. समोरच्या काकूंनी दार बडवलं, तेही त्याला ऐकू गेलं नाही. माझी कॉइल, म्हणजे स्पीकरमधलं तारेचं वेटोळं, तापून जळायला लागली, पण आयुष्यभर डाग देताना उठणाऱ्या कथलाच्या धुरात बसून दादाचं नाकही कामातून गेलेलं. तो डोळे मिटून, मान डोलावत, हसत होता. इतकं स्पष्ट त्याला कित्येक महिन्यांत लागलं नव्हतं. मग माझ्या आत काहीतरी तुटलं आणि मी थांबलो. टेप संपली असं समजून त्यानं दोन्ही बटणं बंद केली, माझ्यावर नेहमीचं कापड घातलं आणि पिशवी घेऊन दूध आणायला गेला.

बाळ्या कामावरून आला तेव्हा काकूंनी त्याला जिन्यातच गाठलं. "अरे, काय आवाज तो! माझ्या कपाटातले कप नाचत होते. दार बडवून बडवून हात दुखला माझा. दादांना नाही ना रे काही झालं?"

त्यानं घरात येऊन गिटार जोडली, तार छेडली. माझ्यातून साधी खरखरही निघाली नाही. त्यानं माझ्यावर नाक टेकवून वास घेतला आणि तिथंच जमिनीवर बसला. काय झालं ते त्याला कळलं होतं. दादाला ते कधीच कळता कामा नये, हेही त्याच वेळी ठरलं असावं. कारण दादा दूध घेऊन आला तेव्हा बाळ्यानं स्वतःच त्याची वही मागून घेतली आणि लिहिलं, 'सरावाला न्यायला काढला, जिन्यात हातून सुटला. आवाज गेला. माझीच चूक.'

दादानं वाचलं. "लागलं नाही ना तुला?" एवढंच विचारलं.

बाळ्या भोळा आहे. रेडा एकट्या माणसाला उचलवत नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ्या कामावर गेल्यावर दादानं माझं कापड काढलं. आधी माझ्या चारही कोपऱ्यांवरून हात फिरवला. कुठं ओरखडा नाही, टवका नाही. मग त्यानं मागची फळी उघडली, स्पीकर सोडवला आणि खिडकीपाशी नेला. जिन्यात पडलेला स्पीकर फाटतो, वाकतो. हा जळला होता. अख्खं आयुष्य याच कामात घालवलेल्या माणसाला ते काय सांगायला हवं? तो जळक्या कॉइलकडे बघत राहिला. मग स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. "मीच की रे," तो मला म्हणाला, "मीच." आणि हा बाप्या, ज्याला आईवडील गेले तेव्हा रडायला सवड मिळाली नव्हती, तो माझ्या रिकाम्या खोक्यावर डोकं टेकून रडला.

नंतर त्यानं वहीतलं ते पान फाडलं, घडी केली आणि माझ्या आत ठेवलं. स्पीकर परत बसवला, फळी लावली. संध्याकाळी बाळ्या आला तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, "बघितला उघडून. बाद आहे. जिन्यातून पडल्यावर असंच होतं. तू नवा घे, परवावर कार्यक्रम आलाय."

बाळ्यानं दुकानांना फोन लावले. "पंधरा दिवस? अहो, शनिवारी कार्यक्रम आहे! कुणाकडे जुना असेल तरी चालेल हो!" माझ्या मापाचा स्पीकर कुणाकडेच नव्हता. शुक्रवारी तो माझ्या जागी नवा अँप घेऊन आला. जेवणाच्या डब्याएवढा, एका हातात मावणारा. गुणी पोर आहे, त्याला नावं ठेवणार नाही. दादानं तो उलटसुलट करून पाहिला.

"याला स्पीकर कुठंय?"

बाळ्यानं लिहिलं, 'नसतोच. आवाज वायरीतून थेट हॉलच्या स्पीकरला जातो.'

"अरे वा!" दादा हसला. "मग हात कुठं ठेवायचा?"

गमतीनं म्हणाला तो. बाळ्याही हसला आणि पाणी प्यायला आत गेला.

शनिवारी मला पुन्हा गाडीत चढवलं. ड्रमवाला कुरकुरला, "मेलेला रेडा कशाला वाहतोयस?" बाळ्या म्हणाला, "नव्याला ठेवायला स्टूल लागेल." मला नेहमीच्या जागी उभं केलं. डबा माझ्या डोक्यावर, पण एका कडेला, दादाच्या हातापुरती जागा सोडून. दादा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसला. बाळ्यानं जाड तार छेडली. मोठ्या स्पीकरांतून सभागृह घुमलं. आमचा कोपरा त्यांच्या मागे, लांब. माझ्या डोक्यावर दादाचा हात होता आणि माझ्यात काहीच नव्हतं. एवढीशी थरथर तरी द्यावी म्हणून मी किती जीव काढला, पण लाकडाच्या जिवाला विचारतो कोण?

दादा थांबला. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबला. मग त्यानं मान हलवली.

कार्यक्रम छान रंगला, असं सगळे म्हणाले. दादा बाळ्याच्या बोटांकडे बघून माझ्या डोक्यावर ताल धरत होता. तसं कुणाला कळलंही नसतं. पण शेवटचं गाणं आलं. हे गाणं सुरू झालं की इतकी वर्षं तो डोळे मिटत आलाय. सवयीनं त्यानं मिटले. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, लोक उठून उभे राहिले, आणि दादाची बोटं माझ्या डोक्यावर चालूच होती. मान डोलत होती. गायिकाबाईंनी तोंडावर हात ठेवला. बाळ्या गिटार गळ्यात घेऊन भावाकडे बघत उभा होता. दादानं आपल्यासाठी खोटी मान हलवली होती, हे त्याला तेव्हा कळलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि त्यानं प्रेक्षकांकडे पाठ फिरवली.

आता मी दादाच्या खाटेशेजारी असतो. माझ्यावर पाण्याचा तांब्या आणि औषधाच्या बाटल्या आहेत. बाळ्या शेजारच्या खोलीत कानांवर हेडफोन लावून सराव करतो. दोघांच्यात त्या विषयावर एक शब्द झालेला नाही. दादाला वाटतं, आपण भावाचा अँप जाळला. बाळ्याला वाटतं, आपण आणलेल्या डब्यामुळे दादाचे कान दुसऱ्यांदा गेले. मध्यस्थ मी, आणि मीच मुका. सकाळी डोळे उघडायच्या आधी दादाचा हात माझ्याकडे येतो, तांब्याला लागतो आणि मागे जातो.

तुम्ही कधी त्यांच्याकडे गेलात तर माझं एक काम करा. माझ्या पोटातला कागद काढू नका, तो आहे तिथं असू द्या. फक्त बाळ्याला सांगा, गिटारही लाकडाचीच असते. तार छेडली की तिचं अंगही थरथरतं, वायर नको, स्पीकर नको. हेडफोन काढ म्हणावं. दादाच्या खाटेवर जाऊन बस, त्याचा हात हातात धर आणि गिटारच्या लाकडावर ठेव.

हात हातात धरावा लागेल म्हणूनच हे त्यांना सुचत नाही, एरवी दोघे हुशार आहेत. लवकर सांगा. दादाची कातडी दिवसेंदिवस जाड होत चालली आहे.