मामाचं दार

दादाच्या शिलाई मशीनशेजारी रिळांची फळी आहे. प्रत्येक रिळाला वहिनीने चिठ्ठी चिकटवली आहे: हिरवा, तपकिरी, लाल. दादाला हे रंग नीट वेगळे दिसत नाहीत. एकदा चिठ्ठी गळून पडली आणि एका गिऱ्हाइकाच्या तपकिरी पॅन्टला हिरवी टीप बसली. ते गृहस्थ अजून दुकान टाळून पलीकडच्या बाजूने जातात.

मी गुणसूत्रं तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दुपारी दुकानात शिरले, तर दादा आठ महिन्यांच्या लेकासमोर दोन रिळं धरून बसलेला. बाळाने दोन्ही चाखून पाहिली.

"काय चाललंय?"

"परीक्षा." दादा हसला नाही. "याला माझ्यासारखं व्हायला नको. शाळेत मी झाडाचं खोड हिरवं रंगवलं, तर वर्षभर सगळे मला शेवाळ म्हणायचे."

काजं करत बसलेली आई म्हणाली, "ते तुमच्या बाबांच्या घराण्याचं. आमच्याकडे असलं काही नाही."

"बाबांकडचं म्हणून तू माझं घोरणंही खपवतेस," दादा म्हणाला.

मी त्याचा खडू घेतला आणि कापडाच्या तुकड्यावर रेघा मारल्या. "गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. पहिल्या बावीस बाईत आणि पुरुषात सारख्याच. फरक तेविसावीत. बाईचे दोन एक्स, पुरुषाचा एक एक्स आणि एक आखूड वाय."

"म्हणजे आमची जोडी विजोड."

"वहिनी रोज तेच म्हणते. आता ऐक. तुझा दोष एक्सवर आहे. लेकाला तू वाय दिलास, त्याचा एक्स वहिनीचा. तुझ्याकडून त्याला हे जाऊच शकत नाही. आणि वहिनीच्या माहेरी कुणालाच हा त्रास नाही, तेव्हा निर्धास्त राहा. अगदी शून्य म्हणणार नाही, पण जवळपास."

दादाने रिळं खाली ठेवली. मग हळूच आईकडे वळला.

"मग मला एक्स कुणी दिला?"

आईची सुई थांबली.

"पण मला तर सगळे रंग दिसतात."

"तुझ्याकडे दोन आहेत. एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो," मी म्हणाले. "आई, मामाने हिरव्या दाराला हिरवाच समजून तपकिरी रंग फासला होता ना?"

"तो वेंधळा आहे म्हणून."

आईने बाळाकडे बोट दाखवलं. "आणि हे बशीएवढे कान?"

"ते पहिल्या बावीस जोड्यांतलं. दोन्ही घरांतून येतं. नक्की कुणाचं, सांगता यायचं नाही."

"मग कान तरी त्यांच्याकडचे धर," आई म्हणाली आणि फोन शोधू लागली. "चाळीस वर्षं त्या दारावरून बोलतेय मी त्याला."

दादाने लेकाला मांडीवर घेतलं. "लवकर वाचायला शिकू नकोस, रंग ओळखायला शिक," तो म्हणाला. "चिठ्ठ्या लिहून तुझी आई दमलीय."