खिट्टीचं पाणी

भिंगाखाली खिट्टी नखाएवढी दिसत होती, एरवी डाळीच्या दाण्याहून लहान — आणि तिच्या ज्या कडेवर पिस्तुलाचा घोडा अडकून बसतो, त्या कडेवर एक फिकट ठिपका. म्हणजे पाणी गेलं. पोलाद कडक व्हावं म्हणून वरून पाणी दिलेलं असतं ते कागदाइतकं पातळ, आत सगळं मऊच. तेल लावलेला दगड आठ वेळा फिरवला की चाप लोण्यासारखा ओढला जातो, नवव्या वेळी दगड त्या मऊपणाला जाऊन लागतो... नवऱ्याने याच बाकावर शिकवलं होतं. तो गेल्याला अकरा वर्षं झाली, आणि नववा हात तिच्याकडून कधी फिरला नव्हता.

आज किती फिरले?

पाचापर्यंत नक्की. मग पडद्यापलीकडे धाकटे दीर गिऱ्हाइकाला सांगायला लागले, की चाप गुळगुळीत करणं यंत्राचं काम नव्हे, त्याला हात लागतो, आणि तो हात माझ्याकडे भावाकडून आला. गिऱ्हाईक म्हणजे ती नेमबाज बाई, रविवारी तिची अंतिम फेरी; ती म्हणाली, बोटांचा विमा उतरवा तुमच्या. दीर हसले. ज्यांना साधा स्क्रू सरळ बसवता येत नाही ते दीर... एकाने घाम गाळायचा, दुसऱ्याने रुमाल मिरवायचा. ती घासत राहिली. सहा, सात... की सहा, सहा, सहा?

तिने पिस्तूल जोडलं, रिकामं असल्याचं दोनदा पाहिलं, वरची सरकती स्लाइड मागे ओढून सोडली. घोडा चढला, खिट्टीवर थांबला. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा, चापाला बोटही लागलेलं नसताना, खट्कन पडला. आत गोळी असती तर — पुढचा विचार तिने केला नाही, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

दिरांना आत बोलावून तिने हलक्या आवाजात सांगितलं, खिट्टी वाया गेली, घोडा दोनदा थांबतो आणि तिसऱ्यांदा आपोआप पडतो, नवी यायला महिना लागेल.

"दोनदा थांबला ना, वहिनी? मग झालं. खुसपट काढायची सवयच तुम्हाला. द्या इकडं."

त्यांनी पिस्तूल घेतलं तेव्हा तिने ते धरून ठेवलं नाही. नेमबाज हातात घेतल्या घेतल्या स्लाइड ओढून पाहतात, हे तिला ठाऊक होतं, दिरांना नव्हतं... आणि तिने सांगितलंही नाही. पडत असेल कुणी तोंडघशी तर आपण का मध्ये हात घालायचा, एवढंच मनात आलं, शांतपणे, जणू दुसऱ्याच कुणाच्या.

पडद्याच्या फटीतून बाईची बोटं दिसत होती. एकदा. दोनदा. पुन्हा. पुन्हा — खट्.

"हे तुम्ही केलंत?" बाईने विचारलं.

दिरांनी पडदा पार बाजूला सारला. जराही अडखळले नाहीत. "छे हो. आमच्या वहिनींनी. चापाचं सगळं काम पहिल्यापासून त्याच करतात, मी आपला गल्ल्यावर."

अकरा वर्षं हेच एक वाक्य ऐकायला कान आसुसले होते, आणि ते आलं ते असं, चिखलात बरबटून.

बाई तिच्याकडे वळली. "मागच्या वर्षीचं माझं पिस्तूलही?"

"तेही मीच. पण हे नेऊ नका. हे माझ्या हातून बिघडलंय."

बाई तिच्याकडे पाहत राहिली, रागाने की नवलाने कुणास ठाऊक. दीर दुसरं पिस्तूल दाखवतो म्हणून कपाट उघडायला गेले. आपल्याला लाज वाटायला हवी, असं तिला वाटलं. रविवार बुडाला होता एका बाईचा. तिने लाज शोधली, पण छातीत नुसतं गार, गोडसर काहीतरी पसरत होतं, आणि हळूहळू तिला त्या गोडपणाचीच भीती वाटू लागली... कारण तो आत्ताचा नव्हता. मघाशी दगड हातात होता, पलीकडे दीर हसत होते, तेव्हाही तो असाच पसरला होता.